बीआरसीए निगेटिव्ह, तरी जनुक बंद?

प्रश्न : आईला (वय ६१) अंडाशयाचा कॅन्सर आहे. रक्तातली बीआरसीए (स्तन व अंडाशयाच्या कॅन्सरशी जोडलेली जनुकं) तपासणी निगेटिव्ह आली. आता डॉक्टर म्हणतात, गाठीत बीआरसीए १ बंद पडलंय. खरं काय? – मानेवाडा

दोन्ही खरं आहे. रक्तात जन्मजात बिघाड शोधतात. जनुकाची अक्षरं चुकली आहेत का, ते बघतात. तुमच्या आईची अक्षरं बरोबर आहेत. पण गाठीतल्या पेशींत त्या जनुकाच्या सुरुवातीलाच मिथाइल गट (छोटे रासायनिक तुकडे) चिकटून बसले, की पेशी ते वाचूच शकत नाही. इतवारीतलं दुकान मालानं भरलेलं असावं आणि शटर खाली ओढलेलं, तसं. बीआरसीए १ तुटलेला डीएनए जोडतं. ते गप्प झालं की चुका साचत जातात. अमेरिकेत २०११ साली ४८९ गाठींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ११ टक्के गाठींत बीआरसीए १ असंच बंद होतं.

उपचाराच्या दृष्टीनं हे महत्त्वाचं आहे. दुरुस्ती जमत नसलेल्या पेशींवर ओलापारिबसारखी औषधं चालतात. पण शटर पुन्हा उघडूही शकतं. केमोनंतर काही गाठींत मिथाइल गट निघून जातात, जनुक जागं होतं आणि औषधाचा जोर ओसरतो. पेशीची डीएनए-दुरुस्ती बिघडली आहे का हे बघणाऱ्या एचआरडी तपासणीत मात्र जुन्या बिघाडाचे व्रण दिसतच राहतात. म्हणून आजार उलटला तर पहिल्या रिपोर्टवर थांबू नका. नव्या गाठीचा तुकडा तपासता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

प्रश्न : मावशीच्या गाठीत असाच बदल निघाला. तो माझ्यात येईल? – महाल

बहुतेक वेळा नाही. हा बदल गाठीतच घडलेला असतो. तरी मावशीच्या रक्तात आरएडी५१सी, आरएडी५१डी, बीआरआयपी१ ही वारशानं धोका वाढवू शकणारी जनुकं तपासली का, तेवढं विचारून घ्या.

प्रश्न : हळद, ग्रीन टीनं ही जनुकं उघडतात का? – सदर

नाही. त्यापायी केमोची तारीख चुकवू नका, ही कळकळीची विनंती.

प्रश्न : त्रास काहीच नाही. दरवर्षी सीए-१२५ (अंडाशयाच्या कॅन्सरसाठीची रक्ततपासणी) करू? – धरमपेठ

घरात कोणाला हा आजार नसेल, तर नको. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर स्त्रियांवर हे करून पाहिलं. २०२१ च्या निष्कर्षांत मृत्यू कमी झालेले दिसले नाहीत. त्यापेक्षा शरीराकडे लक्ष द्या. पोट फुगलं की आपल्याकडे बाया आधी गॅसची गोळी घेतात, महिने जातात. फुगणं, दोन घासांत पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, वारंवार लघवी हे नव्यानं सुरू होऊन दोन-तीन आठवडे टिकलं, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा आणि सोनोग्राफी करायची का ते विचारा.