'वेटडाउन'ला मराठीत काय म्हणावं?

एका वाचक भगिनींचा प्रश्न आला आहे. त्या न्यू जर्सीत राहतात. त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलात यंदा ज्युनिअर मेंबर झाला आहे. येत्या शनिवारी त्यांच्या नव्या फायर ट्रकचं 'वेटडाउन' आहे आणि लगेच 'पुश-इन'. साताऱ्याला सासूबाईंना फोनवर हे सांगताना त्या अडकल्या. "जलार्पण सोहळा आहे," म्हणाल्या, तर सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे गाडी पाण्यात सोडणार की काय?" तर या दोन शब्दांना मराठीत काय म्हणावं?

तुमच्या सासूबाईंचा कान पक्का आहे. 'जलार्पण' ऐकलं की आपल्याला काहीतरी पाण्याच्या स्वाधीन केल्यासारखं वाटतं. नारळी पौर्णिमेचा नारळ आठवतो, अनंतचतुर्दशी आठवते. इथे सगळं उलट आहे. गाडी पाण्याला द्यायची नाही, पाणी गाडीला द्यायचं आहे.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. अमेरिकेत आग विझवायला जाणाऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोक पगार न घेता हे काम करतात. कुणी प्लंबर, कुणी शिक्षक, कुणी दुकानदार. पेजर वाजला की हातातलं टाकून धावायचं. फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिननं डिसेंबर १७३६ मध्ये युनियन फायर कंपनी काढली ती अशाच लोकांची. प्रत्येक सभासदानं आपापल्या चामड्याच्या बादल्या तयार ठेवायच्या, असा तिचा नियम होता. अशा दलात नवी गाडी आली की, विशेषतः न्यू जर्सी आणि न्यूयॉर्ककडे, शेजारच्या गावांतली दलं आपापल्या गाड्या घेऊन येतात. निवृत्त होणारी जुनी गाडी आणि या पाहुण्या गाड्या नवीवर पाण्याचे फवारे सोडतात. हे वेटडाउन. मग ती पुसून घेतात आणि सगळे मिळून हातांनी ढकलत, मागच्या अंगानं, दलाच्या इमारतीत नेतात. हे पुश-इन.

काही वर्षांपूर्वी मुलीकडे गेलो होतो तेव्हा मी हे जवळून पाहिलं. जुन्या गाडीच्या पंपाशी सत्तरीतले एक गृहस्थ उभे होते. त्यांनी दांडा ओढला, पाइप ताठ झाला आणि पाणी नव्या गाडीच्या काचेवर जाऊन फुटलं. लोक टाळ्या वाजवत होते. गृहस्थांचं लक्ष मात्र जुन्या गाडीच्या काट्याकडे होतं, टाकी रिकामी होईपर्यंत. नंतर घरून आणलेले आंघोळीचे टॉवेल निघाले आणि चाकांच्या मधल्या खाचासुद्धा पुसल्या गेल्या. आजची अशी गाडी पंधरा-वीस टनांची असते, त्यामुळे चालक रिव्हर्स टाकून तिला कणाकणानं मागे घेत होता. पण समोरच्या बंपरवर तळहात टेकून वीस-पंचवीस माणसं खरोखर जोर लावत होती. सगळ्यात कडेला एक लहान मुलगी होती. तिचा हात बंपरपर्यंत पोचत नव्हता, म्हणून तिनं वडिलांच्या कोपराला हात लावला होता.

शब्द शोधताना मला ते टॉवेल आणि ते तळहात डोळ्यांसमोर ठेवायचे आहेत.

पहिली गोष्ट, 'फायर ट्रक'साठी 'अग्निशमन वाहन' म्हणू नका. ते निविदेत ठीक. बोलताना आपल्याकडे 'बंब' आहे आणि तो फार चांगला शब्द आहे. पोर्तुगीज 'बोंबा' म्हणजे पंप, त्यावरून बंब. आगीवर पाणी मारणारा तो आगीचा बंब, आणि न्हाणीघरात पाणी तापवणारा तो तांब्याचा बंब. आमच्या वाड्यात हा दुसरा बंब होता. मधल्या नळीत निखारे आणि भोवती पाणी. त्याच्यासाठी लाकडाच्या बारीक ढलप्या करून ठेवत, त्यांना 'बंबफोड' म्हणत. एकाच शब्दानं आग विझवणारं यंत्रही सांगितलं आणि पोटात आग घेऊन पाणी तापवणारं भांडंही. खुद्द पोर्तुगालमध्ये अग्निशामकाला 'बोंबेइरू' म्हणतात, म्हणजे शब्दशः बंबवाला. तिथलेही बहुतेक बोंबेइरू स्वयंसेवक आहेत. लिस्बनमध्ये स्वयंसेवकांचं दल १८६८ साली निघालं. नवी गाडी आली की तिथे पाद्री तिच्यावर पवित्र पाणी शिंपडतो आणि गाडीला एक धर्ममाताही असते. म्हणजे 'बंब' शब्द वापरलात की या बिनपगारी मंडळींशी आपलं एक जुनं शब्दनातं आपोआप जोडलं जातं.

आता सोहळ्याचं नाव. आपल्याकडे नगरपालिकेनं नवा बंब घेतला की पत्रिकेवर 'लोकार्पण सोहळा' छापतात आणि बातमीत बंब 'ताफ्यात दाखल' होतो. 'ताफ्यात दाखल'बद्दल माझी तक्रार नाही, ती नोंद आहे. पण 'लोकार्पण' इथे लावू नये असं मला मनापासून वाटतं. लोकार्पण म्हणजे कुणीतरी वरून लोकांना देणं. तुमच्या मुलाच्या गावात काय झालेलं असतं? लोकांनीच पॅनकेकचे नाश्ते विकून, सोडती काढून, जत्रा भरवून पैशाला हातभार लावलेला असतो. चालवणारे लोकच, धावणारे लोकच. जे मुळात लोकांचंच आहे ते लोकांना अर्पण कोण करणार?

'जलसलामी' हा शब्द अलीकडे दिसतो. नवी विमानसेवा सुरू झाली किंवा एखादा वैमानिक निवृत्त झाला की दोन बाजूंनी बंब उभे करून विमानावर पाण्याची कमान धरतात, ती जलसलामी. तिथे तो बरोबर बसतो. पण सलामी मान देते, कामावर घेत नाही. वेटडाउन झाल्यावर गाडी कामाची होते. बिनतारीवरून 'आता ही गाडी सेवेत आहे' अशी घोषणाही होते. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, 'रुजू होणे'. माणूस नोकरीवर रुजू होतो, तसा बंब रुजू होतो. तो घोषणेपुरता अवश्य वापरा.

उरलं पाणी. पाणी घालण्याला मराठीत किती शब्द आहेत आणि प्रत्येकाची मात्रा किती वेगळी आहे! थेंब उडवले तर 'शिंपडणं'. पूजेत दर्भानं किंवा आंब्याच्या पानानं शिंपडलं तर 'प्रोक्षण'. धार धरली तर 'अभिषेक'. बदाबदा ओतलं तर 'भिजवणं'. जर्मनी-ऑस्ट्रियात स्वयंसेवी दलाच्या नव्या गाडीला चर्चचा आशीर्वाद देतात, तेव्हा पाद्री थोडे थेंबच उडवतो. तिथला या लोकांचा रक्षणकर्ता संत फ्लोरियन; त्याचा सण ४ मे रोजी असतो आणि चित्रांत तो जळत्या घरावर बादली ओतताना दिसतो. जर्मनीत अनेक ठिकाणी दलाच्या बिनतारीवरची हाकसुद्धा 'फ्लोरियन' अशीच असते. तर त्या थेंबांना आणि पोर्तुगालातल्या थेंबांना 'प्रोक्षण' हा शब्द अगदी चपखल आहे. न्यू जर्सीतल्या त्या पाण्याला नाही. तिथे धारा होत्या, आणि त्याही चहूबाजूंनी.

मग 'अभिषेक' का नको? खरं सांगायचं तर अर्थानं तो सगळ्यात जवळचा आहे. 'अभि' आणि 'सिच्', म्हणजे वरून शिंपणं, ओतणं. आणि आपल्याकडे अभिषेकानं अधिकार मिळतो. रायगडावर १६७४ साली नद्यांचं पाणी शिवरायांच्या मस्तकावर पडलं आणि ते छत्रपती झाले. इथेही पाणी पडेपर्यंत ती गाडी कारखान्यातून आलेली एक वस्तू असते. जुन्या गाडीचं पाणी अंगावर आलं की ती तिची वारस होते. काही दलांत तर जुन्या टाकीतलं पाणीच नवीच्या टाकीत घालतात. लेख लिहिणार असाल, निवेदन करणार असाल, तर 'बंबाचा अभिषेक' खुशाल म्हणा. फक्त त्याला 'जल' जोडू नका. 'जलाभिषेक' म्हटलं की पिंडच डोळ्यांसमोर येते.

फोनवर मात्र मी वेगळं क्रियापद सुचवीन, 'न्हाऊ घालणे'. बाळाला आपण न्हाऊ घालतो, बाळंतिणीला न्हाऊमाखू घालतो. या शब्दात पाणी तर आहेच, पण पाण्यानंतरचं पुसणंही आहे. ते टॉवेल 'अभिषेका'त मावत नाहीत, 'न्हाऊ घालण्या'त मावतात. नाम करायला जाऊन 'बंबाचं न्हाण' मात्र म्हणू नका. 'न्हाण' या नामाला मुलीच्या वयात येण्याचा अर्थ पक्का चिकटलेला आहे आणि सासूबाई पुन्हा थबकतील. क्रियापदच ठेवा. नाम हवंच असेल तर 'पहिली आंघोळ' म्हणा.

इंग्रजी शब्दाबद्दलही एक सांगून ठेवतो, कारण त्याचं शब्दशः भाषांतर फसवं आहे. 'वेट डाउन' म्हणजे नुसतं भिजवून काढणं. आग विझल्यावर राख-निखारे भिजवून ठेवतात, त्यालाही हेच क्रियापद. शिवाय अमेरिकी नौदलात बढती मिळालेला अधिकारी सोबत्यांना मेजवानी देतो, तिला 'वेटिंग डाउन' म्हणतात. त्यामुळे 'ओला करण्याचा कार्यक्रम' असं काही केलंत तर विधी हरवेल आणि चिखल उरेल.

'पुश-इन'वर मी जास्त दिवस विचार करत होतो. पहिल्यांदा 'गृहप्रवेश' सुचला, कुणालाही सुचेल. पण गृहप्रवेशात पाऊल आपलं असतं. इथे तर दुसरे ढकलत नेतात, तेही उलट्या तोंडानं. असं का, हे कळलं तेव्हा शब्दही सापडला.

ही रीत घोड्यांच्या काळातली. वाफेवर चालणारा बंब तीन-चार टनांचा, त्याला दोन किंवा तीन घोडे. आगीवरून परत आल्यावर इतका बोजा मागे रेटत आत घेणं घोड्यांना जमत नसे. मग दाराशीच घोडे सोडायचे आणि माणसांनी बंब ढकलत आत न्यायचा, तोंड रस्त्याकडे राहील असा. वर छताला घोड्यांचा साज आणि पट्टे टांगून तयार असत. घंटा झाली की घोडे आपल्या जागी येऊन उभे राहत, पट्टे खाली येत आणि काही क्षणांत बंब बाहेर. न्यूयॉर्क शहरातला घोड्यांचा शेवटचा बंब २० डिसेंबर १९२२ रोजी ब्रुकलिनमध्ये धावला. घोडे गेले, तरी नव्या गाडीला पहिल्यांदा आत नेताना माणसांचे हात लागलेच पाहिजेत, एवढं मागे राहिलं.

आता मराठीत घोड्याच्या उभं राहायच्या जागेला काय म्हणतात? 'ठाण'. घोडा ठाणावर बांधतात. 'ठाण मांडून बसणे' आपण रोज म्हणतो. गावदेवाचंही ठाण असतं. पोलिसांचं 'ठाणं' आणि ठाणे शहर याच कुळातले, सगळ्यांचं मूळ 'स्थान'. म्हणून पुश-इनला माझा शब्द, 'ठाणावर घेणे'. त्यात घोडा आहे, हक्काची जागा आहे, आणि देवाच्या ठाणामुळे थोडी भक्तीही आहे. मुलाचं दल जिथे आहे त्या इमारतीला 'अग्निशमन केंद्र' म्हणत असाल तरी बिघडत नाही. बंब आपल्या ठाणावरच जातो.

सासूबाई साताऱ्याच्या, म्हणजे त्यांना बेंदूर सांगायला नको. विदर्भ-मराठवाड्यात तो पोळा. आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळतात, जुवानं घट्टे पडलेले असतात तिथे, आणि कानाशी म्हणतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." दुसऱ्या दिवशी नदीवर नेऊन धुतात, पुसतात, सजवतात, ओवाळून दावणीला आणतात. आपल्यासाठी राबणाऱ्याला आपल्या हातांनी धुवावं, ही बुद्धी दोन्हीकडे एकच आहे. दसऱ्याला आपल्याकडचे जवानही बंब धुऊन झेंडूच्या माळा घालतातच. फरक एवढाच की तिकडचं पाणी दुसऱ्या बंबाकडून येतं. सासूबाईंना बेंदराची आठवण करून दिलीत तर पुढचं काही समजावून सांगावं लागणार नाही.

एक बारकावा राहिला, लिंगाचा. इंग्रजीत ही मंडळी आपल्या गाडीला बाईमाणूस समजून 'ती' म्हणतात. 'गाडी' म्हटलंत तर मराठीतही 'तिला न्हाऊ घातलं' येईल आणि नव्या सुनेची छटा लागेल; 'बंब' म्हटलंत तर 'त्याला', आणि छटा बैलाची. मी दुसरी निवडीन. आणि मुलाला 'हौशी' म्हणू नका. 'हौशी' नाटकवाल्याला शोभतं. या पोरांना प्रशिक्षण पुरं केल्याशिवाय आगीजवळ जाऊ देत नाहीत. 'स्वयंसेवक' चालेल. सासूबाईंना 'बिनपगारी बंबवाला' हे अधिक लवकर कळेल.

म्हणजे शनिवारी रात्री फोन लावाल तेव्हा असं म्हणता येईल: "आई, आज गावानं नवा बंब आणला. जुन्या बंबाच्या पाण्यानं त्याला न्हाऊ घातलं, पुसलं, आणि सगळ्यांनी मिळून ठाणावर घेतला. तुमच्या नातवाचाही हात होता त्यात."