अर्धं ऑनलाइन, अर्धं कॅम्पसवर: थिऑलॉजी अशी शिकता येते का?

प्रश्न: मी नोकरी करतो, मंडळीत (चर्चमध्ये) सेवाही करतो. थिऑलॉजीचा (ख्रिस्ती धर्मशास्त्राचा) कोर्स करायचाय पण सगळं सोडून सेमिनरीत (धर्मगुरू घडवणाऱ्या कॉलेजात) राहणं जमणार नाही. अर्धा ऑनलाइन, अर्धा प्रत्यक्ष असा कोर्स केला तर शिक्षण कच्चं राहील का?

उत्तर: नाही राहणार, पण कोणता विषय कुठे शिकवतायत ते आधी बघा. ही आयडिया काही नवीन नाहीये, 1963 मध्ये ग्वाटेमालातल्या प्रेस्बिटेरियन (एक प्रोटेस्टंट पंथ) सेमिनरीने हेच केलं, नोकरी-शेती सांभाळून मंडळी चालवणाऱ्यांना घरी अभ्यासाला पुस्तकं दिली आणि शिक्षक ठरावीक दिवशी त्यांच्याजवळच्या सेंटरवर जाऊन चर्चा घ्यायचे. तेव्हा इंटरनेट कुठे होतं!

बायबलच्या मूळ भाषांचं, म्हणजे ग्रीक-हिब्रूचं व्याकरण, मंडळीचा इतिहास हे ऑनलाइन मस्त जमतं, उलट लेक्चर थांबवून परत ऐकता येतं. पण उपदेश करणं, आजारी माणसाशेजारी बसणं, एकत्र प्रार्थना, जेवताना रंगलेले वाद, हे स्क्रीनवर होत नाही हो, आणि पाळक (चर्चचा धर्मगुरू) घडतो तो बराचसा इथेच. बायबलमधल्या योहानाच्या दुसऱ्या पत्रात शेवटी तेच आहे ना, लिहायचं पुष्कळ आहे पण कागद-शाईने नको, समोरासमोर बोलू. अर्थात पत्र त्याने लिहिलंच!

तुमचा एक फायदा पण आहे, सकाळी शिकलेलं संध्याकाळी मंडळीत वापरून बघता येतं. फक्त अनुभवी पाळक मार्गदर्शक म्हणून देतात का, कॅम्पसवरच्या दिवसांत परत लेक्चरच झोडतात का, आणि डिग्री तुमच्या चर्चला पाळक म्हणून दीक्षा द्यायला चालते का, हे अ‍ॅडमिशनच्या आधी विचारा.