जर्मनीला येताना डोंगल घेऊ का, आणि घरचा फोन

तू विचारलंयस की ऑक्टोबरमध्ये स्टुटगार्टला शिकायला निघतेयस, फिरणंही होईल, तर बडोद्याहूनच वायफायचं डोंगल, म्हणजे सिम घालून वायफाय देणारं छोटं यंत्र, घेऊन जाऊ का आणि आईबाबांना नेटवरून फोन कसा करत जाऊ. मी दांडिया बाजारातला, अकरा वर्षं इकडे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डोंगल तिकडून आणू नकोस. मोबाईल कंपनीचं असलं की बहुतेकदा त्याच कंपनीच्या सिमला लॉक असतं, आणि नसलं तरी आपल्याकडची स्वस्तातली ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झच्या लहरींवर चालणारी असतात, इकडे शहर सोडलं की ४जी मुख्यतः ७००-८०० वर मिळतं, म्हणजे स्टेशनात चालेल आणि गाडी शेतातून जायला लागली की गेलं. घ्यायचंच तर इथे अनलॉक घे, बँड २०, म्हणजे तेच ८०० मेगाहर्ट्झ, आहे का ते बघून. तसा एकटीला फोनचा हॉटस्पॉट पुरतो, फक्त बॅटरी भराभर उतरते आणि घरी बोलायला नेमका तोच फोन लागतो, म्हणून पॉवरबँक ठेव. २०,००० एमएएचची चालते, ७४ वॉट-अवर होते, विमानात मर्यादा १०० ची आहे, पण हँडबॅगेतच, चेक-इनमध्ये अजिबात नाही.

इथल्या प्रीपेड सिमला पासपोर्ट दाखवावा लागतो. २०१७ पासून युरोपियन युनियनमध्ये कुठेही गेलीस तरी रोमिंगचे जास्तीचे पैसे लागत नाहीत, पण स्वित्झर्लंड त्यात नाही. कॉन्स्टान्झला, म्हणजे स्विस सीमेवरच्या जर्मन गावात, तळ्याकाठी उभं राहिलं की फोन आपोआप पलीकडचा स्विस टॉवर पकडतो, तिथे डेटा रोमिंग बंद कर.

आता कॉलचं. नुसत्या आवाजाला मिनिटाला अर्धा-एक एमबी लागतो, तेवढं नेट सगळीकडे असतं, स्पीडपेक्षा ते सलग मिळणं महत्त्वाचं. धावत्या ट्रेनमध्ये टॉवर बदलत राहतात, बोगदे येतात आणि डब्याच्या काचांना धातूचा पातळ थर असतो, तो सिग्नल अडवतो. बाबा दवाखान्यात होते तेव्हा मी असाच गाडीत होतो, आई म्हणाली, "डॉक्टर म्हणाले की..." आणि पुढे काहीच नाही, पाऊण तास परत फोन लागला नाही. तो पाऊण तास मी अजून विसरलेलो नाही. तेव्हापासून गाडीत असलो की व्हॉइस नोट, कारण कॉलमध्ये हरवलेला आवाज परत येत नाही, नोट मात्र नेट आलं की अख्खी पोचते. बोलायचं तर प्लॅटफॉर्मवर उतरून, उभं राहून.

दुबईवरून येणार असशील तर तिथे व्हॉट्सॲप कॉल बंद असतात, मेसेज जातात, आईला आधीच सांगून ठेव, नाहीतर उगाच घाबरेल.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे, आपण इकडचं सगळं बघत बसतो आणि कॉल तुटतो घरच्या टोकाला. आमचा जुना वाडा, भिंती हातभर जाड, राउटर ओसरीत आणि आई मागच्या स्वयंपाकघरात. दोन वर्षं ती पदराला हात पुसत "हॅलो, हॅलो" करत ओसरीत येऊन उभी राहायची आणि मी इथे सिम बदलत बसलो. शेवटी सुट्टीत आलो तेव्हा केबल ओढून माजघरात दुसरा राउटर लावला आणि तिचा फोन २.४ गिगाहर्ट्झवर टाकला, ते भिंतीतून जास्त जातं. तिच्या फोनचा बॅटरी सेव्हर व्हॉट्सॲप झोपवून ठेवत होता, म्हणून रिंगच वाजायची नाही, तोही बंद केला. हे तू निघायच्या आधी करून टाक, लांबून फोनवर समजावणं फार जड जातं गं.

बाबांचा ०२६५ चा लँडलाईन मी स्काईपवरून लावायचो, ते ५ मे २०२५ ला बंद झालं. बाबांना आता व्हॉट्सॲप शिकवलंय. आणि ११२ ला, म्हणजे आणीबाणीच्या नंबरला, फोन साध्या डायलरवरूनच करायचा, व्हॉट्सॲपवरून लागत नाही.

वेळेचं, उन्हाळ्यात साडेतीन तास, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार. आईचे रात्रीचे नऊ म्हणजे तुझे साडेचार.

निघायच्या आधी एक दिवस कमाटीबागेत जा, हॉटस्पॉट लावून घरी फोन कर, आईला म्हणावं जागची हलू नकोस, पोळ्या लाटत असशील तिथूनच बोल. आवाज कुठे तुटतो ते लगेच कळेल.