खिळ्यावरचे तीन इअरफोन

प्रिय आक्का,

आमचं घर कोल्हापुरात, शिवाजी पेठेत. दोन खोल्या, वर माळा, माणसं पाच. दिवाळीत ह्यांनी मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, पंच्याहत्तरीचा म्हणून २२ हजारांचा फोन घेतला आणि जुना एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला. नव्या फोनला इअरफोनचं भोकच नाही. घरात खिळ्यावर तीन चांगले इअरफोन लटकताहेत. सोबत आणलेल्या बिनवायरच्या बड्सपैकी एक मामांच्या सदऱ्यातून वॉशिंग मशीनमध्ये गेला. चार्जिंगच्या भोकात इअरफोन जोडायचे डोंगल दोन आणले, एक हरवला, दुसरा चालतच नाही. मामांचा पहाटेचा रेडिओ बंद झाला, म्हणून ते आता यूट्यूबवर भजनं मोठ्यानं लावतात. मग आत्ती, म्हणजे सासूबाई, मालिका मोठ्यानं लावतात, बारावीतला पोरगा लेक्चर मोठ्यानं लावतो. त्या दोघांच्या फोनला भोक आहे, तरीसुद्धा! परवा मामा म्हणाले, "माझा जुना फोन आणून द्या, न्हाईतर ह्यो रंकाळ्यात टाकतो." हे तेव्हापासून वडिलांशी बोलत नाहीत. मी कुणाची समजूत घालू?

– कावलेली सून

*

कावलेल्या सूनबाई,

पहिलं म्हणजे मामांना सांग, रंकाळ्यात टाकू नका. त्या तळ्यानं जलपर्णी सोसली, सांडपाणी सोसलं, आता त्याला फोन तरी नको.

समजूत कुणाची घालायची ते मागनं बघू. आधी तो न चालणारा डोंगल ड्रॉवरमधून बाहेर काढ, कारण तो बिघडलेला नसण्याचीच शक्यता जास्त. मामांच्या फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन 'ओटीजी' असं शोध. काही कंपन्यांच्या फोनमध्ये हे बटण मुद्दाम चालू करावं लागतं, आणि दहा मिनिटं काही जोडलं नाही की ते आपोआप बंद होतं. म्हणजे काल चाललेला डोंगल आज मुका, आणि म्हातारा माणूस म्हणणार, "मी काय केलो न्हाई, आपोआप बंद पडलं." ते खरंच बोलत असतात, आपण विश्वास ठेवत नाही.

त्यानंही आवाज आला नाही तर दुसरं कारण. फोनच्या पोटात गाणं आकड्यांच्या रूपात असतं, कानाला ते तसं चालत नाही. आकड्यांचा आवाज करणारी एक चिप लागते, तिला डॅक म्हणतात. काही फोन ते काम आतच उरकून चार्जिंगच्या भोकातून तयार आवाज बाहेर सोडतात. काही फोन नुसते आकडे सोडतात, तिथं चिप डोंगलमध्येच असावी लागते. स्वस्तातल्या डोंगलमध्ये बऱ्याचदा नुसती तार असते. तो शेजारणीच्या फोनला वाजतो, आपल्याला नाही. मी स्वतः असला एक दीडशे रुपयांना घेऊन फसलेय. परत करायला गेले तर दुकानदार म्हणाला, "आक्का, इलेक्ट्रिकची वस्तू परत न्हाई." म्हणून दुकानात जाताना मामांचा फोन आणि खिळ्यावरचा एक इअरफोन बरोबर ने, "डॅकवाला द्या" म्हण, आणि तिथंच भजन वाजवून बघितल्याशिवाय पैसे काढू नकोस.

आणि हरवायचं म्हणशील, तर डोंगल फोनचा नसतो, इअरफोनचा असतो. एकदा जोडला की काढायचाच नाही. मी माझ्या इअरफोनला तो काळ्या दोऱ्यानं चार वेढे देऊन बांधून टाकलाय. दिसायला गंडादोरा केल्यासारखा दिसतो, पण दोन वर्षं झाली, हरवलेला नाही. एकच काळजी घ्यायची. साध्या डोंगलवर ऐकणं आणि चार्जिंग एकाच वेळी होत नाही, भोक एकच उरलंय. मामांचा फोन रात्री झोपतानाच लावून टाकत जा.

आता खरं दुखणं. एवढं सगळं करून मामांचा रेडिओ लागणार नाहीच. जुन्या फोनमध्ये इअरफोनची वायर ऐकायला तर होतीच, पण रेडिओची एरियलही तीच होती. एफएमची लहर तीनेक मीटर लांब, तिला धरायला हात-दोन हात तार लागते. म्हणून तर इअरफोन खुपसल्याशिवाय जुना फोन रेडिओ लावायचा नाही. जॅक, म्हणजे इअरफोनचं भोक, गेला तशी तार गेली, आणि जॅक नसलेल्या बऱ्याच फोनांत रेडिओच ठेवलेला नसतो. २०२३ साली केंद्र सरकारनं फोन बनवणाऱ्यांना सूचनाही केली होती, की पूर-वादळात लोकांना रेडिओ लागतो, फोनमधला एफएम बंद ठेवू नका. पंचगंगेचं पाणी घरात शिरलेलं बघितलेल्या गावाला हे कुणी समजावून सांगायला नको.

प्रसार भारतीचं 'न्यूज ऑन एअर' नावाचं ॲप आहे, त्यावर आकाशवाणीची केंद्रं ऐकता येतात. पण त्याला नेट लागतं, आवाज थोडा मागनं येतो, आणि पहाटे साडेपाचला अंधारात चष्मा शोधून ॲप उघडायचं हे मामांना जमेल असं मला वाटत नाही. त्यापेक्षा हातात मावणारा छोटा रेडिओ घ्या, गोल चकतीनं स्टेशन लागणारा, इअरफोनचं भोक असलेला. खिळ्यावरचा एक इअरफोन त्याला कायमचा द्या. फोन फोनाच्या जागी, रेडिओ रेडिओच्या जागी.

मालकांना हे पटणार नाही. "जग बिनवायरचं झालंय," म्हणतील. त्यांना सांग, हे कसं झालं तेही वाचा. साडेतीन मिलिमीटरचा हा जॅक म्हणजे जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बायका फोन जोडायला जी पिन खुपसायच्या तिचाच नातू. शंभर वर्षांहून जुनं घराणं. ते काही पहिल्यांदाच कुणी मोडलं असं नाही, पण गाजावाजा झाला तो सप्टेंबर २०१६ मध्ये, ॲपलनं आयफोन ७ मधून जॅक काढला तेव्हा. त्यांच्या मोठ्या अधिकाऱ्यानं स्टेजवर त्याला 'धाडस' म्हटलं. आत जागा होते, पाणी शिरायला एक वाट कमी होते, हे त्यांचं खरंच. पण त्याच दिवशी, त्याच स्टेजवर त्यांनी बिनवायरचे महागडे बड्स जाहीर केले. सुरुवातीला खोक्यात डोंगल फुकट यायचा, २०१८ पासून तोही गेला. आपल्या बाजारातल्या इतर कंपन्याही एकेक करून त्याच वाटेनं गेल्या. बाकी काही स्वस्त फोनांत अजून जॅक मिळतो, एवढं चौकशी करून कळलं असतं.

पण चौकशी करायची कुणाकडं? मामांकडंच की! ते ऐकतात कसे हे तुझ्या मालकांनी कधी बघितलंय का? तू बघितलं असशील. वायरवाली म्हातारी माणसं बहुतेक एकच बोंडूक कानात घालतात, दुसरं छातीवर लोंबत असतं. एका कानात अभंग, दुसऱ्या कानानं दाराची कडी आणि बायकोची हाक. कुणी बोलायला आलं की वायर ओढली, ऐकून झालं की परत घातली. खाली पडलं तरी गळ्यात राहतं. आणि समोरच्यालाही वायर दिसते, म्हणजे आत्ता माणूस ऐकतोय, थोडं थांबावं, हे कळतं. बड्सना हात लागला तर गाणं थांबतं, परत लागला तर फोन उचलला जातो. पंच्याहत्तरीच्या बोटांना हे सगळं नव्यानं शिकवायचं, आणि वर "२२ हजार घातले" हे ऐकवायचं.

माझं स्पष्ट मत आहे, चूक तुझ्या मालकांची. फोन घेतला त्यात नाही, जुना न विचारता देऊन टाकला त्यात. त्यात मामांच्या सवयीची बटणं होती, दोस्तांचे नंबर त्यांच्या ओळीनं होते. पोराला वाटलं आपण वडिलांना भारी वस्तू दिली, वडिलांना वाटलं आपली वस्तू काढून नेली. दोघांचंही खोटं नाही, म्हणून तर कुणी मागं सरत नाही.

म्हणून माझं ऐक. रेडिओ आणायला तू जाऊ नकोस. या घरात सगळे आपापला फोन तुझ्या हातात देतात, "हे जोडून दे गं" म्हणून, आणि भांडणंही तशीच तुझ्या हातात देतात. मालकांना म्हण, रविवारी संध्याकाळी मामांना गाडीवर घेऊन तुम्हीच जा, रेडिओ त्यांनाच निवडू द्या. येताना गंगावेशीत थांबून दोघांनी एकेक पेला म्हशीचं धारोष्ण दूध प्या. माफी वगैरे मागायची भानगड नको, आपल्याकडं बाप-लेकांत ती कुणी मागत नाही. दुधाचे पैसे कुणी द्यायचे यावरून दोघं भांडले की समज बोलणं चालू झालं.

आत्तींचं आणि पोराचं सोपं आहे. त्यांचे फोन धड आहेत, स्पीकर चालू आहे तो मामांवर चढाओढ म्हणून. मामांचा आवाज खाली आला की आत्तींच्या हातात खिळ्यावरचा तिसरा इअरफोन ठेव आणि काही बोलू नकोस. उरलेला एक बड पोराला दे, त्या वयाला एका कानानं भागतं.

एक गोष्ट मात्र लांबवू नकोस. इअरफोन लावूनही मामा आवाज पूर्ण वर नेत असतील, तर भोकाचा दोष नाही, कानाचा आहे. कदाचित नुसता मळ असेल. सीपीआर या सरकारी दवाखान्यात कान-नाक-घसा विभाग आहे, सकाळी केसपेपर काढून दाखवून आणा. "कान तपासायला चला" म्हणालीस तर येणार नाहीत. "रेडिओ नीट ऐकू येतोय का बघूया" म्हण.

आणि तो हरवलेला डोंगल. मामांच्या बंडीला आतून चोरखिसा आहे का बघ. आमच्या ह्यांचा सहा महिन्यांनी तिथंच सापडला होता, अडकित्त्याखाली, सुपारीच्या चुऱ्यात माखलेला. झटकून लावला, वाजला.

– आक्का