रोज सोलापुरी शेंगाचटणी खाल्ल्याने पोटाचा कॅन्सर होतो का? कोणतं जीवनसत्त्व घ्यावं?

होतो असं सिद्ध झालेलं नाही. हा प्रश्न आमच्या घरात 12 वर्षांपासून सलतोय, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचे अण्णा सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर टॉवेल विणायचे. डब्यात कडक भाकरी, आईची शेंगाचटणी, लोणच्याचा खार, नाहीतर सांडगी मिरची. खिशात तंबाखू-चुना. पन्नाशीनंतर त्यांचं जेवण अर्ध्यावर राहायला लागलं. दोन घासांतच पोट भरायचं. पित्त आहे म्हणून मेडिकलमधून गोळी आणायचे, तिने बरं वाटायचं, आणि तिथंच घात झाला. आठ महिने अंगावर काढले. शी काळी पडली तेव्हा कुठे दुर्बिणीची तपासणी झाली. जठराचा कॅन्सर, यकृतापर्यंत गेलेला. चार महिन्यांत गेले. दहाव्याला धाकटे काका सगळ्यांसमोर आईला म्हणाले, "वहिनी, तुमच्या तिखटानं माझा दादा नेला." आईने खलबत्ता माळ्यावर टाकला तो टाकलाच.

काका चुकीचं बोलले. या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1994 मध्येच त्याला कर्ककारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे ज्यांनी कॅन्सर होतो हे नक्की झालंय त्यांच्यात, टाकलं. तो बहुतेकदा लहानपणीच, घरातल्या घरात लागतो आणि वर्षानुवर्षं जठराचं अस्तर सुजवत ठेवतो. खारवलेल्या पदार्थांतलं मीठ ते अस्तर आणखी दुखावतं. त्यात तंबाखूची भर. आपल्या देशात हा कॅन्सर मिझोराममध्ये सर्वाधिक आहे आणि तिथे धुरावलेलं, खारवलेलं मांस खातात, तंबाखूचा धूर सोडलेलं पाणी तोंडात धरतात.

आईच्या लोणच्यात मीठ जास्त असायचं, हे मी मान्य करते. पण लोणचं आम्ही सगळेच खात होतो, तंबाखू एकटे अण्णा. आणि ती पुडी काकाच आणून द्यायचे.

जीवनसत्त्वाचं म्हणाल तर गोळ्यांवर पैसे घालू नका. चीनमधल्या लिनशियन भागात बीटा-कॅरोटीन, ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम एकत्र दिल्यावर जठराच्या कॅन्सरचे मृत्यू घटले होते, पण त्या लोकांच्या आहारात मुळातच या गोष्टींची कमतरता होती. तुम्ही पेरू, आवळा, लिंबू, मेथी खा. नायट्राइट नावाच्या क्षारापासून पोटात जी घातक संयुगं बनतात, त्यांना क जीवनसत्त्व अडवतं. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत ठेवा, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, त्यात लोणचं-पापडही आले.

हेही सांगायला हवं की मिरचीबद्दल अभ्यासांचं एकमत नाही, आणि पोटात जळजळ असेल तर तिखट बंदच करा. बुरशी आलेले शेंगदाणे चटणीला वापरू नका, त्यातलं विष यकृताचा कॅन्सर करतं. अण्णांना नेमकं कशामुळे झालं हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही, मीसुद्धा नाही.

मात्र भूक मेली, वजन घटलं, शी काळी झाली तर गोळी घेत बसू नका, दुर्बीण करा. सख्ख्या नात्यात कुणाला झाला असेल तर जंतूची तपासणी करून घ्या. मी केली. जंतू निघाला, 14 दिवसांच्या औषधाने गेला. काका आणि अण्णा एकाच ताटात जेवून वाढलेले. काकांना तीनदा सांगितलं, अजून तपासणीला गेलेले नाहीत. त्यांनी जावं.