बीएस्सीच्या उन्हाळी सुट्टीत कोल्हापुरात कीटकभक्षी वनस्पतींवर काम करता येईल का?

येतंय की, मी सेकंड इयरच्या परीक्षेनंतर केलंय. पण तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात मसाई पठारावर जाऊन झाडं मोजायची आहेत, तर मे मध्ये तिथं मोजायला काय बी नसतंय. मीपण असाच क्वाड्रॅट, म्हणजे ठरावीक जागेतली झाडं मोजायची चौकट घेऊन पन्हाळ्याच्या पुढं गेलो, बघतोय तर सगळा जांभा खडक तापलेला आणि वाळकं गवत, सरांना फोन केला तर ते हसायलाच लागले. सीतेची आसवं काय नि दवबिंदू काय, तिथल्या ह्या दोन्ही कीटकभक्षी वनस्पती म्हणजे पावसाची झाडं, ऑगस्ट-सप्टेंबरला फुलतात नि पाऊस गेला की वाळून जातात, मातीत उरतंय ते फक्त त्यांचं बियाणं.

मग सरांनी तेच काम दिलं, बी मातीत कुठं आहे ते शोधा. खडकावरच्या खळग्यांत जेमतेम बोटभर माती असते, ती वरवर खरवडून डब्यात भरायची आणि लॅबमध्ये ट्रेत पातळ पसरून ओली ठेवायची, काय उगवतंय ते बघायचं. दवबिंदूचं बी धुळीगत बारीक असतंय आणि त्याला उजेड लागतो, म्हणून वर जाड थर द्यायचा नाही.

खरी मजा पाण्यानं केली. ह्या झाडांना क्षार सोसत नाहीत, जांभ्याच्या मातीत नायट्रोजन, फॉस्फरस कमी म्हणून तर ती किडे खातात. आणि मी शहाणा, क्षाराचं बोअरचं पाणी घालत बसलो! तीन आठवडे नुसतं गवत आणि हिरवं शेवाळ. मग वळवाचं पाणी बादलीत धरलं, ते संपल्यावर एसीच्या पाइपखाली बाटली लावली, आणि त्या ट्रेत दवबिंदूची टाचणीच्या डोक्याएवढी पानं आली, वर लाल केस, केसाच्या टोकाला चिकट थेंब. मी लॅबमध्ये नाचलो राव. (सर म्हणाले दोन-चार ट्रेवरनं काय सिद्ध होत नाही, आणि ते बरोबरच आहे.)

जुलैत पाऊस लागल्यावर तेच खळगे परत बघितले. सीतेच्या आसवांचं निळं-जांभळं फूल सगळे बघतात, पण सापळा खाली ओल्या मातीत असतो, मिलिमीटरभर पिशवी. ती आतलं पाणी बाहेर टाकून आत दाब कमी करून ठेवते, दाराच्या केसाला बारीक जीव लागला की दार उघडतं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत तो आत ओढला जातो. ते डोळ्यानं दिसत नाही, म्हणून मायक्रोस्कोपखाली पिशव्या उघडून पोटात काय आहे ते बघायचं, मान मोडून येते.

तेवढं लेबल मात्र पेन्सिलीनं लिहा. मी मार्करनं लिहिलेली, पाण्यानं गेली, आणि चार ट्रे कुठल्या खळग्यातले ते अजून कळलेलं नाही.