मुलगी डान्सच्या स्पर्धांमध्ये आहे आणि बाकीचं घर मागे पडतंय. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी अकरा वर्षांची आहे, क्लासच्या स्पर्धेच्या टीममध्ये तिची निवड झाली, आठवड्यातले पाच दिवस आणि वर रविवारची रिहर्सल त्यातच जाते, सात वर्षांचा धाकटा सगळीकडे नुसता फरपटत येतो आणि मिस्टर म्हणतात, बंद करून टाक. माझी मुलगी आता सोळा वर्षांची आहे, नवव्या वर्षापासून स्पर्धांमध्ये नाचते. तिच्याहून चार वर्षांनी लहान मुलगा आहे. मी त्या दोघांचा बाबा. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून उत्तर दिल्याशिवाय राहवलं नाही.

क्लास बंद करू नका, पण आत्ता चाललंय तसंही चालू देऊ नका. वेळापत्रक बसवणं हा यातला सोपा भाग आहे. कुणी न ठरवता अख्खं घर हळूहळू क्लासच्या मागे चालायला लागतं, आणि ते आपल्या लक्षात येईपर्यंत वर्ष निघून जातं. आमचं तेच झालं.

मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता. क्लासच्या बाहेर चपलांच्या रॅकशेजारी एक बाक होतं, तिथं बसून तो गृहपाठ करायचा. आतून फाईव्ह-सिक्स-सेव्हन-एट ऐकू यायचं आणि हा वहीवर पेन्सिलीनं ठेका धरायचा. ताईचा अख्खा डान्स त्याला काउंटसकट पाठ होता. आम्हाला त्याचं कौतुक वाटायचं. एका रविवारी त्याचं दप्तर झटकताना तळाशी चार घड्या घातलेला कागद निघाला. शाळेच्या नाटकाचं निमंत्रण होतं, तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. नाटकात त्याचं काम होतं, दोनच वाक्यांचं. मी विचारलं, "अरे, आम्हाला दिलं का नाहीस?" तर म्हणाला, "त्या दिवशी ताईची रिहर्सल होती ना." रडला नाही, रुसला नाही. बाहेर पाऊस आहे म्हणून सांगावं, तसं सांगितलं त्यानं. तो रडला असता तर मला इतकं लागलं नसतं.

त्या रात्री मुलं झोपल्यावर आम्ही दोघं कॅलेंडर घेऊन बसलो. पुढच्या दोन महिन्यांत मुलाच्या नावावर एकही नोंद नव्हती. तेव्हापासून आमच्याकडे क्रम उलटा आहे: सीझन सुरू होण्याआधी मुलाच्या तारखा आधी लिहायच्या, मग घरातल्या चौघांच्या, आणि उरलेल्या जागेत डान्स बसवायचा. सगळं बसत नाही. जे बसत नाही, ते क्लासमध्ये आधीच सांगायचं.

यासाठी मॅडमशी बोलायला लागतं, आणि ते वर्षाच्या सुरुवातीलाच. स्पर्धा जवळ आल्यावर कुणीच ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतं. वर्षभराच्या तारखा एकदम मागा. कुठल्या रिहर्सल चुकवून चालणारच नाहीत आणि कुठल्या चालतील, हे स्पष्ट विचारा. एखादी चुकली तर मुलीची जागा जाते की नुसतं बोलून घ्यावं लागतं, हेही विचारून घ्या. आमच्या पहिल्या क्लासमध्ये उत्तर मिळालं की टीममध्ये राहायचं तर घरचं काही सांगायचं नाही. आम्ही तो क्लास सोडला. मुलगी आठवडाभर बोलली नाही आमच्याशी. दुसऱ्या क्लासमधल्या मॅडमनी तारखांचा कागद स्वतःहून हातात दिला आणि म्हणाल्या, "गैरहजेरी आधी कळली की मला फॉर्मेशन, म्हणजे स्टेजवर कोण कुठे उभं राहणार ते, बदलता येतं, ऐनवेळी कळली की येत नाही." इतकं साधं असतं ते.

आठवड्यातला एक दिवस पूर्ण मोकळा ठेवा. आमचा गुरुवार आहे. त्या दिवशी क्लास नाही, घरी प्रॅक्टिस नाही, रिहर्सलचे व्हिडिओ बघणंही नाही. हे नुसतं घरासाठी नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्स या तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१६ च्या अहवालात वाढत्या वयातल्या खेळाडू मुलांना आठवड्यातून किमान एक-दोन दिवस सुट्टी आणि वर्षात एकूण तीन महिने, एकेका महिन्याच्या तुकड्यांत, त्या खेळापासून विश्रांती द्यावी असं सांगितलंय. नाचणाऱ्या मुलांचं शरीर काही वेगळं नसतं. आणखी एक ठोकताळा क्रीडावैद्यकातले डॉक्टर वापरतात: मुलाचं वय जितकं, त्याहून जास्त तास आठवड्याला सराव नको. म्हणजे तुमच्या मुलीसाठी अकरा. पाच दिवसांचे क्लास आणि रविवार धरून किती होतात, ते कागदावर मांडून बघा. आमचे मांडले तेव्हा दहाव्या वर्षी सोळा निघाले होते.

तास कमी कसे करायचे? आयटम कमी करून. प्रत्येक नवा आयटम म्हणजे वेगळी रिहर्सल, वेगळा कॉस्च्युम, वेगळी प्रवेश फी आणि स्पर्धेच्या दिवशी स्टेजमागे आणखी तासभर थांबणं. आमची मुलगी ग्रूप, ड्युएट आणि सोलो तिन्हींत होती. तिला एक सोडायला सांगितलं, कुठलं ते तिच्यावर सोपवलं. मला वाटलं होतं सोलो सोडणार नाही. तिनं सोलोच सोडला. मैत्रिणींसोबत नाचायला मिळतं म्हणून ती क्लासला जात होती, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आता शरीराबद्दल, कारण तुमच्या मुलीचं वय नेमकं नाजूक आहे. मुलींची उंची साधारण अकरा-बाराव्या वर्षी सगळ्यात झपाट्यानं वाढते, मुलांची त्यानंतर दोनेक वर्षांनी. त्या काळात हाडं आधी लांबतात आणि स्नायू मागून येतात. मग काल सहज पडणारा स्प्लिट (पाय दोन्हीकडे सरळ पसरून जमिनीला टेकणं) आज अडतो, पिरुएटमध्ये, म्हणजे एका पायावरच्या गिरकीत, तोल जातो, उडी जड होते. मुलीला वाटतं आपण बिघडलो. क्लासमध्ये वाटतं आळशी झाली. आणि नेमकं तेव्हाच जास्त ताणलं, जास्त उड्या मारायला लावल्या, की दुखापत होते. आम्ही दर महिन्याला दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं तिच्या उंचीची खूण करायचो. खुणांमधलं अंतर वाढलं की मॅडमना सांगायचो, मग मॅडम उड्या आणि कमरेतून मागे वाकण्याच्या स्टेप कमी करायच्या. बॅले असेल तर पॉइंट शूजची, म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकांवर उभं राहून नाचायच्या कडक बुटांची, घाई अजिबात नको. बाराव्या वर्षाच्या आत, आणि पायात पुरेशी ताकद आल्याशिवाय, ते चढवू नयेत.

तेराव्या वर्षी तिनं नडगीचं दुखणं आमच्यापासून लपवलं, स्पर्धा पंधरा दिवसांवर होती म्हणून. जिना उतरताना ती कठड्याला धरतेय हे मुलानं आधी पाहिलं आणि मला सांगितलं. मी विचारलं, कुठे दुखतं? तिनं एक बोट हाडावर एकाच जागी टेकवलं. दुखणं नडगीभर पसरलेलं असेल तर बहुतेकदा विश्रांतीनं आवरतं, पण हाडावर असं एका बोटाच्या टोकाएवढ्या जागी दुखत असेल किंवा एका पायावर उडी मारली की कळ येत असेल, तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा. तिच्या हाडावर अतिताणाची इजा निघाली. सहा आठवडे नाच बंद. स्पर्धा गेली, ग्रूप तिच्याशिवाय उतरला. ती प्रेक्षकांत बसली होती, आईचा हात घट्ट धरून.

दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. एक म्हणजे झोप. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज नऊ ते बारा तास लागते, तेरा ते अठराच्या मुलांना आठ ते दहा. रात्री साडेनऊला क्लास सुटत असेल आणि सकाळची शाळा असेल तर हे गणित जमतच नाही, तेव्हा बॅच बदलून मागा. दुसरी म्हणजे वजन. घरात किंवा क्लासमध्ये तिच्या अंगलटीवर कुणी बोलत असेल, मग ते गमतीत का असेना, त्याला तिथंच थांबवा. खाणं कमी आणि सराव जास्त झाला की हाडं कमकुवत होतात, वाढ अडते. पुढे पाळी सुरू झाल्यावर ती तीन महिने आली नाही, तर नाचणाऱ्या मुलींचं असं होतंच, हे कुणाचं ऐकू नका. डॉक्टरांना दाखवा.

मिस्टरांबद्दल तुम्ही लिहिलंय की त्यांना हे पटतच नाही. कदाचित त्यांना ते दिसतच नसेल. आमच्याकडे डान्स हे आईचं खातं होतं आणि अभ्यास माझं. मी फक्त फी भरायचो आणि कुरकुर करायचो. मग आम्ही अदलाबदल केली: एक महिना मी मुलीसोबत, बायको मुलासोबत. पहिल्याच स्पर्धेत अंबाडा घालायची वेळ आली. केस ओले करून मागे ओढायचे, जेल लावायचं, पीळ देऊन गुंडाळायचे, वर जाळी आणि मग पिना, जाळीच्या कडेनं, डोक्याला टोचणार नाहीत अशा. बावीस पिना लागल्या. आरशातून ती मला पूर्ण वेळ सांगत होती, "बाबा, आणखी घट्ट." त्या अर्ध्या तासात तिच्याशी जितकं बोललो तितकं त्याआधीच्या महिनाभरात बोललो नव्हतो. तिकडे बायको मुलासोबत नुसती घरी बसली होती, काहीच न करता, आणि तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपून गेला होता.

परतीच्या गाडीत नंबरांबद्दल आपण होऊन बोलू नका. आम्ही हे फार उशिरा शिकलो. ती विषय काढेल तेव्हा बोलायचं, नाही काढला तर नाही. एकदा पाचवा नंबर आला तेव्हा ती तीन दिवसांनी बोलली, रात्री केस पुसताना. तोवर तिचं तिलाच कळलं होतं काय चुकलं ते.

बंद करायचं की नाही, हे स्पर्धेच्या आठवड्यात ठरवू नका. तेव्हा सगळेच दमलेले असतात आणि दमलेल्या माणसाचं उत्तर खरं नसतं. तिला आधी एक महिना पूर्ण सुट्टी द्या. त्या महिन्याच्या शेवटी चौघं एकत्र बसा आणि तिला विचारा, पुढच्या वर्षी काय काय करायचंय. आणि त्याच बैठकीत धाकट्यालाही हाच प्रश्न विचारा. त्याचं उत्तर आधी लिहून घ्या.